निश्चिंत पट्टीच्या समन्वयक

गुणाबाई विद्यालयातल्या शिक्षिकांनी स्वच्छतागृहासाठी नऊ वर्षांत अकरा अर्ज केले होते. अकराव्या अर्जाला सन २०३८च्या जूनमध्ये उत्तर आलं. ते इतकं आधुनिक होतं, की हे आपल्याच अर्जाचं उत्तर आहे हे कळायला स्टाफरूमला अख्खी मधली सुट्टी लागली.

शाळेचं पूर्ण नाव कै. गुणाबाई डिगंबर सरोदे माध्यमिक विद्यालय. जळगावकडच्या एका तालुक्याच्या गावात, केळीच्या बागा संपून प्लॉट पाडलेली जमीन सुरू होते तिथे ही शाळा आहे. शाळेत स्वच्छतागृह नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. होतं. पांढरी फरशी, बेसिनवर आरसा, दारावर 'महिला कर्मचारी' अशी पितळी पाटी. फक्त ते तपासणी समितीसाठी होतं. समिती तीन वर्षांतून एकदा यायची, कुलूप उघडायचं, समितीतल्या बाई आत डोकावून "छान ठेवलंय हो" म्हणायच्या, आणि कुलूप परत लागायचं. वापरलं तर छान कसं राहील, या मुख्याध्यापक वारके सरांच्या प्रश्नाला आजवर कुणाला उत्तर सापडलेलं नव्हतं. किल्ली त्यांच्या कपाटात, क्रीडा स्पर्धांच्या ढालींमागे असायची.

त्यामुळे सहाही शिक्षिका साडेदहा ते साडेपाच पाणी पीत नसत. अगदीच वेळ आली तर शाळेमागच्या एका आजींच्या घरी जोडीनं जायच्या. आजी प्रेमळ होत्या. पण गेल्या वर्षी त्यांच्याकडे सून आली, आणि सुनेला फिनेलचा हिशोब कळत होता.

या सहाजणींत प्रणिता भारंबे सगळ्यांत जुन्या. वय सेहेचाळीस, विषय विज्ञान, नोकरी एकवीस वर्षं, मूतखडे दोन.

उत्तर संस्थेच्या लेटरहेडवर आलं होतं. संस्थेच्या एकोणीस शाळा होत्या आणि त्या सगळ्यांना ते लागू होतं. 'संदर्भ : आपले अर्ज क्र. १ ते ११. उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, महिला कर्मचाऱ्यांच्या अडचणीवर कायमस्वरूपी वैज्ञानिक तोडगा काढण्यात आला असून, प्रत्येकीस दरमहा एक निश्चिंत पट्टी देण्यात येईल.'

"वैज्ञानिक तोडगा म्हणजे काय?" रुबिना तडवीनं विचारलं. रुबिना खेळ शिकवायची आणि कुणाला भ्यायची नाही. "सोलरचं बांधताहेत का?"

"बांधत काहीच नाहीत," प्रणिता पत्रकाची मागची बाजू वाचत म्हणाली. "पोटाला चिकटवायची पट्टी आहे. महिनाभर लागत नाही."

"काय लागत नाही?"

"लघवी."



"म्हणजे आपण म्हटलं तहान लागलीय, आणि त्यांनी जिभेला भूल दिली," रुबिना म्हणाली.

तेवढ्यात वारके सर आले. एकवीस वर्षांत त्यांच्या तोंडून तो शब्द कधी निघाला नव्हता. ते त्याला 'ती अडचण' म्हणत. "भारंबे मॅडम, तुम्ही सायन्सच्या. संस्थेनं तुम्हाला या योजनेच्या समन्वयक नेमलंय. एकोणीस शाळा. बाकीच्या मॅडमना त्या अडचणीचं शास्त्र जरा समजावून सांगा, म्हणजे गैरसमज नकोत."

"सर, मी आत्ता पत्रक वाचतेय."

"मग वाचून समजावा. पाचव्या तासाला मी तुमचा वर्ग बघतो."

दुसऱ्याच्या तासाला मुख्याध्यापक स्वतः बसतात म्हणजे प्रकरण गंभीर होतं. प्रणितानं पत्रक वाचलं, मग त्यात दिलेले तीन शोधनिबंध वाचले, आणि चार दिवसांनी स्टाफरूमच्या फळ्यावर एक पिशवी काढली.

"मूत्राशय ही स्नायूंची पिशवी. हे स्नायू अनैच्छिक, म्हणजे हातापायांसारखे आपलं ऐकणारे नाहीत. आतड्यात असतात, रक्तवाहिन्यांच्या भिंतीत असतात, तेच. त्यांच्या प्रत्येक पेशीला एक पातळ आवरण असतं आणि आवरणात प्रथिनांची बारीक दारं असतात. काही दारं रसायनानं उघडतात, काही विजेनं. पण काही दारं अशी, की ती फक्त ओढल्यावर उघडतात. ज्वारीचं पोतं ठासून भरलं की काय होतं?"

"वीण फाकते," मराठीच्या कोल्हे मॅडम म्हणाल्या. "दाणे गळतात."

"तसंच. पिशवी भरते, आवरण ताणलं जातं, दार फाकतं. इथे दाणे बाहेरून आत येतात एवढाच फरक. सोडियम, कॅल्शियम. ते आत आले की पेशीतला विद्युतभार बदलतो, मग विजेवर चालणारी कॅल्शियमची मोठी दारं उघडतात, आणि कॅल्शियमचा लोंढा आला की स्नायू आकसतो. पिशवी दाबली जाते. आणि याच ताणाचा निरोप मज्जातंतू मेंदूला देतात, की बाई, उठा आता."

"ब्लाउज घट्ट झाला की दोन हुकांच्या मधे फट पडते, तसं म्हणा की सरळ," रुबिना म्हणाली. "पोतं कशाला?"

"पट्टीतलं औषध या दाराच्या बिजागरीत जाऊन बसतं. एरवी जेवढ्या ताणाला दार उघडायचं, त्याच्या तिप्पट ताण लागतो. मुळात हे सत्तरी ओलांडलेल्यांसाठी केलंय, ज्यांना सारखी घाई होते, त्यांना. त्यांच्यासाठी औषध चांगलं आहे."

"म्हणजे पोत्याची वीण पक्की होते," कोल्हे मॅडम सावकाश म्हणाल्या. "पण मग पोतं भरायचं थांबतं का?"

"नाही."

दारात उभे असलेले वारके सर खाकरले. "ते पत्रकात दिलंय. दर चार तासांनी घड्याळ लावून जाऊन यायचं. लागो न लागो."

"कुठे जायचं, सर?" प्रणितानं विचारलं.

सर भिंतीवरच्या महाराष्ट्राच्या नकाशाकडे बघू लागले. बराच वेळ त्यांना तिथे काही सापडलं नाही. मग ते म्हणाले, "सुरुवात तर करू."

हे सगळं समजूनउमजूनही प्रणितानं पट्टी लावली. याचं कारण विज्ञानात नव्हतं, तहानेत होतं. दुसऱ्या मूतखड्याच्या वेळी डॉक्टरांनी दिवसाला तीन लिटर पाणी सांगितलं होतं, आणि तिनं मान डोलावून शाळेत जायला रिक्षा पकडली होती. पट्टी लावल्यावर तिसऱ्या दिवशी, आठवी ब ला 'प्रकाशाचे परावर्तन' शिकवणं चालू असताना, तिनं टेबलावर बाटली ठेवली आणि वर्गासमोर घटाघटा अर्धी संपवली. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. मुलं बघत राहिली. सातव्या तासाला डोकं दुखलं नाही. आठव्या तासाला तिनं कुणालाही रागावलं नाही. घरी येताना तिला वाटलं, संस्थेचं अगदीच काही चुकलेलं नाही.

महिनाभर सगळ्यांनाच तसं वाटलं. मग एकेक गोष्ट दिसू लागली.

पहिली म्हणजे घंटा. पट्टीबरोबर फोनमध्ये एक अॅप आलं होतं. दर चार तासांनी त्यातून झऱ्याचा आवाज यायचा. अडीच वाजता पाच वर्गांतून पाच फोन एकदम झुळझुळू लागायचे. नववीच्या मुलांनी त्यावर टाळ्यांचा ठेकाही बसवला. शिक्षिका फोन दाबून झरा बंद करायच्या, कारण झऱ्यासोबत जागा आलेली नव्हती. आजींच्या सुनेकडे "लागली नाही, पण वाजली म्हणून आलो" असं सांगत कसं जाणार?

दुसरी गोष्ट किल्ली. समन्वयक म्हणून ती प्रणिताला मिळाली. नऊ वर्षं मागितलेली किल्ली वारके सरांनी स्वतः तिच्या हातात ठेवली. तिनं दार उघडलं. आत जमिनीपासून छतापर्यंत खोकी होती. एकोणीस शाळांच्या पट्ट्यांचा साठा ठेवायला कोरडी, कुलूपबंद आणि न वापरलेली अशी संस्थेच्या ताब्यात तेवढी एकच खोली होती. भांड्यापर्यंत पोचायचं तर ऑगस्ट आणि सप्टेंबर बाहेर काढायला लागले असते.

तिसरी गोष्ट घरी झाली, आणि ती नीट लक्षात यायला प्रणिताला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

पूर्वी ती शाळेतून आली की चप्पल काढायच्या आधी बाथरूममध्ये जायची. सात तासांची साठलेली. आतून कडी लावायची, आणि काम झाल्यावरही दहा मिनिटं तिथेच बसायची. फोन बघायची, नाहीतर नुसतं नळाकडे. या दहा मिनिटांत तिला कुणी हाक मारत नसे. सासूबाई दाराशी येऊन "आत आहेस का?" विचारायच्या आणि "हो" म्हटलं की परत जायच्या. मूत्राशय हा त्या घरातला एकच जण होता, की जो प्रणिताच्या बाजूनं बोलायचा आणि ज्याचं सगळे ऐकायचे.

आता तो गप्प झाला. ती घरी आली की थेट ओट्याशी जायची. "लागलीय का तुला?" कुणी विचारलंच तर खरं उत्तर 'नाही' होतं, आणि खोटं बोलून कडी लावून बसणं तिला जमेना. आधी चहा, मग सासूबाईंच्या गोळ्या, मग भाजी, मग दहावीच्या वह्या. झरा वाजायचा. "आलेच," असं ती फोनलाच म्हणायची. जे लागत नाही ते कामांच्या यादीत शेवटी जातं, आणि तिच्या यादीला शेवट नव्हता.

तिच्या नवऱ्याला, योगेशला, मात्र पट्टी फार आवडली. त्याचं केळी पिकवायचं रायपनिंग चेंबर होतं, त्यामुळे गोष्टी आपल्याला हव्या तेव्हा घडवून आणता येतात यावर त्याचा विश्वास होता. ऑगस्टमध्ये पुतण्याच्या साखरपुड्याला ते गावाहून पुण्याला गेले. पूर्वी या प्रवासात प्रणिता तीनदा थांबायला सांगायची आणि तो तिन्ही वेळा "आत्ताच तर निघालो" म्हणायचा. या खेपेला मांडवात तो भेटेल त्याला सांगत होता, "आठ तास. गाडी एकदा चार्जिंगला थांबली, ही नाही थांबली."

"कमाल आहे वहिनींची," लोक म्हणाले.

प्रणिता हसली. नंतर तिला आठवलं, की ती खरंच आठ तास गेली नव्हती. पुण्यात पोचल्यावर तीन तास पाहुण्यांत गेले. एकूण अकरा.

सप्टेंबरात फळ्यावर लिहिता लिहिता तिला भोवळ आली. मग पावलं सुजायला लागली. रुबिनानं तिला स्कूटरवर घातलं आणि जळगावला डॉ. शिंप्यांकडे नेलं. शिंपी मूत्ररोगाचे; वयानं साठीचे, आवाजानं कायम त्रासलेले. त्यांनी पोटावर सोनोग्राफीचा दांडा फिरवला आणि पडद्याकडे बघत विचारलं, "शेवटचं कधी गेला होता?"

"सकाळी." प्रणिता थांबली. "सकाळी की काल…"

"तेराशे मिली आहे. चारशेला माणूस जागा शोधतो. तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"नाही."

"हे काय आहे?" त्यांनी पट्टीला बोट लावलं.

तिनं सांगितलं. शिंप्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हे सत्तरीच्या म्हाताऱ्यांना मी देतो. रोज नर्स त्यांना वेळेवर घेऊन जाते. तुम्हाला कोण नेतं?"

"झरा वाजतो."

"झरा." त्यांनी तो शब्द केसपेपरवर लिहिला नाही. "ऐका बाई, तुम्ही विज्ञान शिकवता म्हणून स्पष्ट सांगतो. पाणी वर चढलंय. दोन्ही मूत्रपिंडं फुगलीत. औषध थोडंथोडं रक्तात झिरपतं. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही हीच दारं असतात. दाब वाढला की भिंत ताणली जाते आणि वाहिनी आपली आपण आकसते, असा तिचा स्वभाव असतो. तुमच्या वाहिन्या तो विसरायला लागल्यात, म्हणून भोवळ. ते बरं होईल. मूत्रपिंडंही उतरतील, नशीब चांगलं आहे. प्रश्न या पिशवीचा आहे. स्नायू इतके दिवस इतका ताणून ठेवला की त्याचं आकसणंच जातं. सैल पडलेल्या इलॅस्टिकसारखं. पट्टी आत्ता काढू. पाच-सहा आठवडे रोज चार वेळा स्वतः नळी घालून रिकामी करायची. तोवर जाणीव परत आली आणि ती आपली आपण आकसली, तर सुटलात."

"आणि नाही आकसली तर?"

"तर नळी कायमची."

रुबिना भिंतीला टेकून उभी होती. बाहेर आल्यावर प्रणितानं विचारलं, "तुझी पण तपासून घेऊ या का?"

"मी लावलीच नाही."

"काय?"

"चार पट्ट्या डायरीत चिकटवल्यात. महिन्यांची नावं टाकून." रुबिनानं स्कूटर सुरू केली. "मला सांगितलं असतंस तर तुलाही डायरी दिली असती. पण तू समन्वयक."

घरी योगेशनं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "अगं, मग सांगायचं ना."

"काय सांगायचं? मला कळतच नव्हतं. तेच तर औषध होतं."

सासूबाई आतून म्हणाल्या, "आम्ही अंधार पडायची वाट बघायचो. ह्यांना उजेड आला, दार आलं, कडी आली, तरी वाट बघणं काही गेलं नाही." दुसऱ्या दिवसापासून नळीच्या चारही वेळा सासूबाईंनी कागदावर लिहून फ्रिजला लावल्या, आणि त्या वेळेला कुणी प्रणिताला हाक मारली की त्याच "गप रे" म्हणायच्या. योगेशनं नळी उकळायच्या पाण्याचं भांडं आपलं काम म्हणून घेतलं. त्यातही त्यानं तापमापक लावला.

नळी घालणं शिकायला आठवडा गेला. रोज नळीच्या आधी पाच मिनिटं नुसतं बसायचं, आपलं आपण काही होतं का बघायचं, असं शिंप्यांनी सांगितलं होतं. काही व्हायचं नाही. काही वाटायचंही नाही. पोटाच्या जागी पत्रकात छापलेलं चित्र असल्यासारखं वाटायचं.

पुढच्या रविवारी तिनं बाकीच्या चौघींना शिंप्यांकडे नेलं. दोघींची मूत्रपिंडं फुगलेली निघाली. कोल्हे मॅडमना सोनोग्राफीच्या टेबलावरच रडू आलं. त्यांना वाटत होतं की वजन वाढलंय. प्रणितानं घरी येऊन बाकीच्या अठरा शाळांना फोन केले. तिनंच जूनमध्ये त्या सगळ्यांना व्हिडिओवर पोतं समजावलं होतं. आपली शाळा धरून एकशे बारा बायका. संध्याकाळपर्यंत सदतीसजणींनी सांगितलं की पावलं सुजतात. त्यातल्या तीसजणींना वाटत होतं, मे महिन्यात नवीन चपला घेतल्या म्हणून.

ऑक्टोबरमध्ये संस्थेची आढावा बैठक होती. संस्थेला 'महिला-स्नेही शिक्षण समूह' असा राज्यस्तरीय दर्जा मिळायची शक्यता होती आणि त्यासाठी समन्वयकांचा अहवाल हवा होता. वारके सर दोन दिवस आधी तिच्या टेबलाशी आले.

"मॅडम, तुमच्या तब्येतीचं ऐकलं. वाईट वाटलं. अहवालात तक्रारींचा एक रकाना आहे."

"हो."

"लेखी तक्रार एकही नाही. मी फाइल बघितली."

"नाहीच आहे, सर."

"मग शून्य लिहायला काय हरकत आहे?" सर अगदी हळू बोलत होते. ते वाईट नव्हते. पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते, एवढंच. "तुम्ही खोटं लिहा असं मी म्हणतच नाही. खरं ते लिहा. शून्य."

बैठकीला संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब सरोदे होते, एकोणीस मुख्याध्यापक होते, आणि टेबलावर सगळ्यांसमोर पाण्याच्या बाटल्या होत्या. दालनाला लागूनच स्वच्छतागृह होतं. तासाभरात सातजण तिकडे जाऊन आले आणि कुणाला ती बातमी वाटली नाही.

प्रणितानं अहवाल उभं राहून वाचला. "लेखी तक्रारी शून्य. कारण तक्रार करणारं जे काही शरीरात असतं तेच आपण बंद केलंय. पट्टी लावलेल्या बायका एकशे बारा. सोनोग्राफी झाली एकवीसजणींची. मूत्रपिंडांना सूज अकराजणींना. मला स्वतःला दिवसातून चार वेळा नळी घालावी लागते. आत्ता साडेबाराला एक वेळ आहे, तेव्हा मी थोडक्यात सांगते. पट्ट्या आज काढायला सांगा. आणि एकशे बाराजणींची तपासणी संस्थेनं करून द्यावी."

कुणीतरी बाटलीचं झाकण लावलं.

दादासाहेब समंजस गृहस्थ होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "मॅडम, तुमची तळमळ कळली. पण मला सांगा, दोष पट्टीचा की वेळेवर न जाण्याचा?"

"वेळेवर न जाण्याचा."

"बघा."

"कारण जायला जागा नाही."

"तो विषय," दादासाहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, "आजच्या विषयपत्रिकेवर नाही."

आठवड्यात दोन पत्रकं निघाली. एकात निश्चिंत पट्टीचा 'साठा संपल्याने' वितरण थांबवण्यात आल्याचं आणि सर्व महिलांची 'वार्षिक आरोग्य तपासणी' होणार असल्याचं होतं. नोव्हेंबर-डिसेंबरची खोकी कुलपातच होती, पण साठा संपला होता. चूक झाली असं कुणालाच म्हणायला लागलं नाही, त्यामुळे चूक पटकन सुधारली. दुसऱ्या पत्रकात सौ. पी. वाय. भारंबे यांची प्रशासकीय कारणास्तव सातपुड्याच्या पायथ्याच्या शाखेत बदली झाली होती. घरापासून बावन्न किलोमीटर.

"चांगल्या कामाचं बक्षीस," रुबिना म्हणाली. "जा. तिथे हवा चांगली आहे."

नव्या शाळेत प्रणिता रुजू झाली तेव्हा नळीचा सहावा आठवडा चालू होता. शिंप्यांनी आदल्या दिवशी तपासलं होतं आणि काही बोलले नव्हते. फक्त पुढच्या सोमवारची वेळ दिली होती आणि कायमच्या नळीच्या दोन कंपन्यांची पत्रकं.

शाळा पाच खोल्यांची. समोर तुरीचं शेत, डाव्या अंगाला मुख्याध्यापकांचं क्वार्टर. शिक्षिका तीन. स्वच्छतागृह मंजूर होतं, असं फलकावर लिहिलं होतं. मुख्याध्यापक पाचपांडे सर तरुण होते, अदबशीर होते. त्यांनी परिपाठानंतर तिला ऑफिसात बसवलं, चहा मागवला, हजेरीपत्रक समोर ठेवलं.

"मॅडम, तुमच्यासारख्या अनुभवी शिक्षिका मिळाल्या, आमचं भाग्य. काही अडचण आली तर मोकळेपणानं सांगायचं हं."

हे वाक्य बोलायचं असतं आणि त्यावर 'नाही सर, काही नाही' म्हणायचं असतं. प्रणितानं सही करायला पेन उचललं.

आणि तिला काहीतरी जाणवलं.

खूप खाली. आधी वाटलं कंबर अवघडली. रिक्षाचा प्रवास. मग ते परत आलं, या वेळी थोडं वरून खाली, जडसर, आणि गेलं नाही. ती पेन हातात धरून तशीच बसली. हलली तर निसटेल अशी भीती वाटली. आपल्या अंगातल्या कुठल्यातरी कोट्यवधी दारांतलं एक दार फाकलंय, मग दुसरं, हे तिला विज्ञानाच्या शिक्षिकेला शोभेल असं डोळ्यांसमोर दिसलं. पण त्याचा तिला काही उपयोग वाटला नाही. तिला फक्त लागली होती. साधी, सरळ, घाईची.

"मॅडम?" पाचपांडे सर म्हणाले. "बरं वाटत नाहीये का?"

"आहे," ती म्हणाली.

"काय आहे?"

"अडचण. तुम्ही म्हणालात ना, सांगा. मला लघवीला लागलीय."

सरांचे कान लाल झाले. "अच्छा. ते… म्हणजे इकडे तशी सोय… मॅडम लोक तुरीच्या पलीकडे जातात. एकजण उभी राहते. किंवा मग दुपारी…"

"दुपारपर्यंत नाही थांबणार मी."

ती उठली आणि डाव्या अंगाला चालू लागली. क्वार्टरच्या अंगणात सरांची बायको कपडे वाळत घालत होती. हातातली चादर तशीच धरून तिनं या नव्या बाईंकडे बघितलं.

"वहिनी, बाथरूम कुठंय?"

"आत. उजवीकडे. का हो, काय झालं?"

"झालं नाही अजून," प्रणिता म्हणाली आणि आत गेली.

कडी लावली. पर्समध्ये नळी होती. ती तिनं खिडकीच्या कठड्यावर ठेवली आणि बसली. जाणीव आली होती, पण जाणीव येणं हे अर्धंच काम. आता स्नायूला आकसायला हवं होतं, आणि तो अनैच्छिक होता. सांगून ऐकणाऱ्यातला नव्हता. ती थांबली. काही नाही. बाहेर कुकरची एक शिट्टी झाली. ती पुढे वाकली. काही नाही. नळाखाली बादलीत पाणी थेंब थेंब पडत होतं. तिनं कठड्यावरच्या नळीकडे बघितलं आणि मान फिरवली. दुसरी शिट्टी. पोटात काहीतरी आपलं आपण आवळलं, सुटलं, पुन्हा आवळलं.

मग आली. आधी थोडी, मग थांबली, मग आली ती येतच राहिली. प्रणिता भिंतीला हात लावून बसून राहिली. तिला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि बाहेर वहिनी विचारत होत्या, "मॅडम, पाणी आहे ना बादलीत? मोटर लावू का?"

"नको," ती म्हणाली. "भरपूर आहे."

नळी तिनं परत पर्समध्ये टाकली. सोमवारी शिंप्यांना दाखवायचंच होतं. काही सुटलंय की नुसतं सुरू झालंय ते तेच सांगतील. तिनं कडी काढली.

अंगणात शाळेच्या तिन्ही शिक्षिका उभ्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. एकीच्या हातात खडू होता. त्या वहिनींकडे बघत नव्हत्या, एकमेकींकडेही बघत नव्हत्या. पण रांगेत उभ्या होत्या, हे नक्की. वहिनींनी चादर खाली ठेवली होती आणि त्या नवऱ्याकडे बघत होत्या. त्या बघण्याला अर्ज क्रमांक नव्हता.

पाचपांडे सरही मागोमाग आले होते. चहा त्यांनीही दोन कप घेतला होता सकाळपासून. ते एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते.

"झालं का मॅडम तुमचं?" त्यांनी विचारलं. "मग मी जरा…"

"सर," प्रणिता दारातून बाजूला होत म्हणाली, "माझ्यानंतर या तिघी आहेत."

खडूवाली आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला. सरांनी तुरीच्या शेताकडे एकदा बघितलं.